दहा हजार एमएएचची पॉवर बँक, मग फोन एकदाच का भरतो?

प्रश्न: ताई, आमचं घर दापोली तालुक्यात, आई गावी एकटीच असते, आम्ही भाऊ ठाण्याला. २०२० च्या निसर्ग वादळात ३ जूनला लाइट गेली ती आमच्या वाडीत तीन आठवड्यांनी आली, तोवर आई जनरेटरवाल्यांच्या घरी फोन चार्जिंगला लावून ताटकळत बसायची. म्हणून नंतर तिला दहा हजार एमएएचची पॉवर बँक घेऊन दिली. परवा रात्रभर लाइट नव्हती, कपाटातून काढली तर ठार मेलेली. भाऊ म्हणतो आता तीस हजारची घेऊ, सोलारवाली. आणि एक, ती नवी होती तेव्हासुद्धा माझा पाच हजार एमएएच बॅटरीचा फोन एकदाच फुल करायची, दोनदा नाही. फसवलं ना आम्हाला?

उत्तर: फसवलं असं नाही म्हणता येणार, पण खोक्यावर मोठ्या अक्षरात जे छापतात ते तुमच्या कामाचं नसतं हे खरं. एमएएच म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप; दहा हजार एमएएच हा आतल्या सेलचा आकडा, तोही ३.७ व्होल्टला, म्हणजे झाली ३७ वॅट-अवर एवढी ऊर्जा. बाहेर पडताना त्याचे ५ व्होल्ट करावे लागतात, त्यात थोडं उष्णतेत जातं, थोडं केबलमध्ये, थोडं फोन स्वतः खातो. पॉवर बँक उलटी करा आणि चष्मा लावून बारीक अक्षरं वाचा, तिथे ‘रेटेड कॅपॅसिटी’ लिहिलेलं असतं, दहा हजारवाल्यावर साधारण सहा हजारच्या आसपास. पाच हजारचा फोन एकदा फुल आणि वर थोडंसं, एवढाच तो हिशोब. दुकानात हाच आकडा बघून घ्यायची, आणि जिच्यावर तो छापलेलाच नाही ती तिथेच ठेवून यायची.

आता तीस हजारचं. भावाला सांगा, आईची अडचण आकाराची नव्हतीच हो, पॉवर बँक भरलेली नव्हती ही होती! कपाटात पडल्या पडल्या सुद्धा ती हळूहळू उतरते आणि पार शून्यावर जाऊन महिनोन्‌महिने तशीच राहिली की सेल कायमचा जातो, बहुतेक तुमचं तेच झालंय. दोन-तीन महिन्यांनी एकदा चार्जिंगला लावायची, मी तर सरळ सिलिंडरशी सांगड घातलीय, सिलिंडर बदलला की पॉवर बँक प्लगला, आणि मे संपता संपता फुल भरून ठेवायची. शिवाय तीस हजारची वीट जड, आणि साध्या चार्जरने भरायला रात्र पुरत नाही.

यातलीच एक गोष्ट कोणी बघत नाही, ती म्हणजे इनपुट. वादळानंतर लाइट येते ती तासभर, किंवा शेजारचा जनरेटर तासभर चालतो, तेवढ्यात पॉवर बँकेत किती शिरतं ते महत्त्वाचं ना? जुन्या १० वॅटवाल्या दहा हजारला साडेचार-पाच तास लागतात. १८-२० वॅट इनपुटची घ्या आणि भिंतीतला चार्जरही तेवढ्याच ताकदीचा द्या, जुन्या फोनचा पाच वॅटवाला ठोकळा लावलात तर काही उपयोग नाही.

सोलार तर विसराच. त्या पाठीवरच्या चिमुकल्या पॅनलमधून जेमतेम एक-दीड वॅट येणार, म्हणजे दहा हजारची भरायला कडक उन्हाचे पंचवीस तास तरी धरा, आणि जून-जुलैत कोकणात ऊन कुठून आणणार? वर उन्हात ठेवल्याने बॅटरी तापते ते वेगळंच.

माझं मत विचाराल तर एक वीस हजारची घेण्यापेक्षा दहा हजारच्या दोन घ्या, एक जनरेटरकडे भरायला गेली की दुसरी घरात. मागे बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, शिक्का आणि ‘आर’ने सुरू होणारा नंबर असतो तो बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा, कंपनीचं नाव जुळलं पाहिजे. आणि आईकडे कुठला फोन आहे ते लिहिलं नाहीत! बटणांचा असेल तर त्याला बहुधा जुनी बारीक पिन लागते, हल्लीच्या पॉवर बँकेसोबत टाइप-सीची केबल येते, ऐन वेळी माऊली करणार काय? योग्य ती केबल पॉवर बँकेला रबरबँडने बांधून दोन्ही झिपच्या पिशवीत ठेवा. बटणांच्या फोनला ती चार-पाच वेळा पुरेल, तो फोन असेल तर आई तुमच्यापेक्षा सुखात आहे.

प्रश्न: माझी जुनी पॉवर बँक मधे थोडी फुगलीय, पण चार्ज होते. संपेपर्यंत वापरू का?

उत्तर: नाही. आजच बंद. फुगली म्हणजे आत गॅस झालाय. चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू तर अजिबात नका, आणि घंटागाडीतही टाकू नका, तिथे कचरा दाबला जातो आणि आग लागते. पेट घेईल अशा वस्तूंपासून लांब ठेवून ई-कचरा घेणाऱ्यांकडे पोचती करा.

प्रश्न: मुलगी शिकायला जर्मनीला चाललीय, वीस हजारची पॉवर बँक विमानात चालेल?

उत्तर: चालेल, ती ७४ वॅट-अवर होते आणि मर्यादा १०० ची आहे. फक्त हातातल्या बॅगेत हवी, चेक-इनच्या बॅगेत सापडली तर बॅग उघडायला लावतात, आणि लाडवांचे डबे पुन्हा भरत बसायची ती जागा नव्हे.