लंडनच्या ड्रामा स्कूलचं डिपॉझिट भरण्याआधी

तुझी मेल पोचली. नाट्यशास्त्राची पदवी, युवक महोत्सवातल्या एकांकिका, राज्य नाट्य स्पर्धेत परभणी केंद्रावर केलेली कामं, आणि आता लंडनच्या एका ड्रामा स्कूलकडून एक वर्षाच्या एमए ॲक्टिंगला होकार. शाळेच्या वेबसाइटवर ‘टीईएफ गोल्ड’ असा शिक्का आहे, वडील चार एकरांतली दोन एकर काढायला तयार आहेत, आणि तू विचारतेस की ताई, तिकडचं शिकवणं खरंच एवढं भारी असतं का?

मी अंबाजोगाईची. तुझ्यासारखीच नाट्यशास्त्र शिकून इकडे आले, आवाजाच्या प्रशिक्षणात एमए केलं, आणि आता लंडनमधल्या ड्रामा स्कूल्समध्ये तासांवर शिकवते. आपल्या भाषेत सांगायचं तर सीएचबी, क्लॉक अवर बेसिस. हो, इकडंही सीएचबी आहे. त्यावर येतेच.

आधी तो गोल्डचा शिक्का. टीईएफ म्हणजे टीचिंग एक्सलन्स फ्रेमवर्क. इंग्लंडमधल्या उच्च शिक्षणाची नियामक संस्था, ऑफिस फॉर स्टुडंट्स, हे मानांकन देते. गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ, आणि २०२३ च्या फेरीपासून ‘सुधारणा आवश्यक’ असा एक शेरा. हे मानांकन फक्त पदवी अभ्यासक्रमांचं असतं. तू चाललीस एमएला. म्हणजे ज्या वर्गात तू बसणार, तो वर्ग त्या गोल्डच्या हिशेबात धरलेलाच नाही. शाळा खोटं बोलत नाही, पण ही गोष्ट ठळक अक्षरात सांगतही नाही.

दुसरं म्हणजे ही समिती वर्गात येऊन बसत नाही. आपल्याकडं कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची टीम निदान कॉलेजात यायची, रांगोळी बघायची, फाइली चाळायची, पोरांना चार प्रश्न विचारायची. टीईएफची समिती शाळेनं लिहिलेलं निवेदन वाचते, विद्यार्थ्यांचं वेगळं निवेदन वाचते आणि आकडे बघते: किती विद्यार्थी टिकले, किती पास झाले, शिक्षण संपल्यावर पंधरा महिन्यांनी कुठं कामाला आहेत, आणि शेवटच्या वर्षाच्या पोरांनी राष्ट्रीय पाहणीत काय उत्तरं दिली. नटाच्या बाबतीत पंधरा महिन्यांचा आकडा काय सांगणार? त्या वेळी एखादा कॉफी शॉपमध्ये असेल आणि दोन महिन्यांनी नॅशनल थिएटरच्या रंगमंचावर. शिवाय दहापेक्षा कमी जणांनी उत्तरं दिली तर त्या कोर्सचे पाहणीतले आकडे छापतच नाहीत, आणि अभिनयाचे वर्ग असतात छोटे. पाचशेपेक्षा कमी पदवी विद्यार्थी असलेल्या संस्थेला टीईएफमध्ये भाग घेणं सक्तीचंही नाही. त्यामुळं एखाद्या चांगल्या शाळेकडं हा शिक्का नसेल तर त्यावरूनही काही ठरवू नकोस.

आता शिकवणं. इथं मी मोकळेपणानं कौतुक करते, कारण ते खरं आहे.

पहिल्या सत्रात बहुतेक ठिकाणी तुला भूमिका मिळणार नाही. सकाळी जमिनीवर उताणं पडायचं, गुडघे वर, डोक्याखाली एखादं पुस्तक, आणि श्वास कुठं अडतो ते बघत राहायचं. आठवडेच्या आठवडे. आपल्याकडं ‘आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे’ एवढं सांगून मोकळे होतात, पोरं गळा ताणतात आणि स्पर्धेच्या प्रयोगाला दुसऱ्या अंकात निम्म्या लोकांचे घसे बसलेले असतात. इथं आवाज शिकवणारे वेगळे, देहबोली आणि हालचाल शिकवणारे वेगळे, संहितेवर काम करणारे वेगळे. आवाजाची तर इथं पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा आहे. सिसिली बेरी रॉयल शेक्सपिअर कंपनीत नटांच्या आवाजावर काम करायच्या, पॅट्सी रोडेनबर्ग यांनी लंडनच्या गिल्डहॉल शाळेत वर्षानुवर्षं शिकवलं, आणि लॅमडा या इथल्याच दुसऱ्या शाळेत शिकलेल्या क्रिस्टिन लिंकलेटर यांनी स्वतःची पद्धत अमेरिकेत नेली. या बायकांची पुस्तकं कुठंही बसून वाचता येतात. पण वाचून आवाज मोकळा होत नाही. त्याला समोर ऐकणारं माणूस लागतं.

हालचालीच्या तासाला एक जुना पाठ असतो, प्राण्याचा. एक प्राणी निवडायचा, त्याला तासन्‌तास निरखायचं आणि मग त्याचं वजन, त्याची नजर, त्याचा वेग स्वतःच्या अंगात आणायचा. हळूहळू तो प्राणी माणसात मुरवायचा. माझ्या वर्गातले सगळे तिकीट काढून रीजंट्स पार्कच्या झू मध्ये गेले. मी आमच्या गोठ्यातली म्हैस केली. तिकिटाचे पैसे वाचले, आणि शिक्षिकेनं ‘हे तू कुठं बघितलंस’ म्हणून मला परत परत करायला लावलं. सांगायचं कारण एवढंच की आपण जे घेऊन येतो त्याला इथं चांगले शिक्षक नाक मुरडत नाहीत. एके काळी इथल्या शाळा प्रत्येकाची बोली घासूनपुसून एकसारखी करत. आता ती सक्ती बरीच गेली आहे. तुझी परभणीची बोली तुझ्याजवळ राहील, त्याशिवाय आणखी दोन-तीन उच्चारपद्धती शिकवतील. भारूड, गोंधळ येत असेल तर करून दाखव म्हणतील. मात्र अभ्यासक्रमात आपलं नाटक शोधू नकोस. शेक्सपिअर, चेखव, मग समकालीन ब्रिटिश लेखन. २०२० मध्ये रॅडा या लंडनच्या नावाजलेल्या ड्रामा स्कूलनं आपल्याकडं संस्थात्मक वंशभेद असल्याचं जाहीरपणे मान्य केलं, त्यानंतर बऱ्याच शाळांत वाचनाच्या याद्या बदलल्या. पण यादी बदलणं आणि शिकवणाऱ्याची नजर बदलणं यात अंतर आहे.

आणखी एका गोष्टीची मनाची तयारी कर. आपल्या तालमीत दिग्दर्शक उठतो, वाक्य म्हणून दाखवतो, आपण तसं म्हणतो. इथं कोणी करून दाखवत नाही. तुझं झालं की विचारतात, ‘तुला तिच्याकडून काय हवं होतं?’ तू काहीतरी सांगतेस. ‘मग ते मिळालं का?’ संपलं. पहिले काही महिने चिडचिड होते, की बाई, बरोबर काय ते सांग ना एकदाचं. याच पद्धतीत आळशी शिक्षक लपू शकतो, हेही मी बघितलंय. प्रश्न विचारणं सोपं आहे. आठवडाभरापूर्वी तू काय उत्तर दिलं होतंस ते लक्षात ठेवून पुढचा प्रश्न विचारणं अवघड, आणि फी भरायची ती त्याच्यासाठी.

म्हणून सीएचबीचा मुद्दा. इथल्या ड्रामा स्कूलमधलं बरंचसं शिकवणं माझ्यासारखे तासांवरचे लोक करतात. याची चांगली बाजू अशी की शिकवणारा दिग्दर्शक काल रात्री खऱ्या प्रयोगातून आलेला असतो. आपल्याकडं वर्षानुवर्षं सीएचबीवर अडकलेल्या, नेट-सेट होऊन कायम होण्याची वाट बघणाऱ्या माणसाची गोष्ट वेगळी. वाईट बाजू अशी की त्या दिग्दर्शकाला मोठं काम मिळालं की सत्राच्या मधेच तो जातो, बदली माणूस येतो आणि त्याला तुझं नावसुद्धा माहीत नसतं. तीन वर्षांच्या पदवीत हे खपून जातं, कारण वर्गाला धरून ठेवणारे दोन-तीन कायमचे शिक्षक असतात. एक वर्षाच्या एमएत असा एक खंड पडला की सत्र गेलं.

इथं माझं मत स्पष्ट सांगते. अभिनयाचं एक वर्षाचं एमए हे आधीच घडलेल्या नटासाठी आहे. कच्च्या नटाला ते घडवत नाही. आणि ही एमए वाढण्यामागं पैशाचं कारण आहे. इथल्या मुलांची पदवीची फी सरकारनं बांधलेली: २०१७ पासून कित्येक वर्षं ९,२५० पौंड, २०२५-२६ मध्ये ९,५३५. छोटे वर्ग, दिवसभराचे तास, स्टुडिओ, नाट्यगृह हे सगळं त्यात भागत नाही. परदेशी विद्यार्थ्याच्या फीवर अशी मर्यादा नाही. त्यामुळं आपल्यासारख्यांना मिळणारा होकार हा पूर्णपणे गुणांचाच असतो असं समजू नकोस. कडू आहे, पण दोन एकरांचा प्रश्न आहे म्हणून लिहिते. हा व्यवसाय किती नाजूक आहे त्याचं उदाहरण: अल्रा नावाची शाळा, १९७९ पासूनची, एप्रिल २०२२ मध्ये अचानक बंद पडली. विद्यार्थ्यांना रोझ ब्रुफर्ड कॉलेजनं सामावून घेतलं म्हणून निभावलं. प्रत्येक नोंदणीकृत संस्थेकडं ‘स्टुडंट प्रोटेक्शन प्लॅन’ असतो, कोर्स बंद झाला तर विद्यार्थ्यांचं काय करणार ते त्यात लिहिलेलं असतं. तो मागवून वाच.

पैसे. लंडनमध्ये अशा एमएची परदेशी फी साधारण वीस ते तीस हजार पौंडांच्या दरम्यान. पौंड ११५ रुपये धरला तर २५,००० पौंड म्हणजे पावणेएकोणतीस लाख. त्यावर व्हिसासाठी लंडनच्या राहणीखर्चाचे महिन्याला दीड हजार पौंडांच्या आसपास, असे नऊ महिन्यांचे पैसे सलग २८ दिवस खात्यात दाखवावे लागतात. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड. शेतजमीन बहुतेक बँका शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून घेत नाहीत, त्यांना घर किंवा एनए प्लॉट लागतो. म्हणूनच तुझे वडील ‘काढू’ म्हणताहेत ते गहाण ठेवणं नाही, विकणंच आहे, हे घरात एकदा मोठ्यानं बोला.

शिष्यवृत्तीत एक खाच आहे. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती क्यूएसच्या जागतिक क्रमवारीवर चालते, आणि त्या मुख्य क्रमवारीत फक्त नाटक शिकवणाऱ्या छोट्या संस्था बसतच नाहीत. जगात नावाजलेली शाळा असली तरी कागदावर अपात्र ठरू शकते. मोठ्या विद्यापीठातल्या नाट्य विभागाचं तसं होत नाही, म्हणून चालू वर्षाचा शासन निर्णय वाचूनच शाळा निवड. चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षण झाल्यावर दोन वर्षं परत येऊन राहावं लागतं. तुझ्या नाटकाच्या कामाचे दाखले, मानधनाच्या पावत्या आतापासून गोळा कर.

‘शिकता शिकता नाटकात काम करून फी काढीन’ असं लिहिलंयस. ते डोक्यातून काढ. स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, स्वतंत्र व्यावसायिक म्हणून काम चालत नाही, आणि अभ्यासक्रमाचा भाग नसेल तर कलाकार म्हणून पैसे घेऊन काम करायला मनाई आहे. म्हणजे भांडी घासता येतील, भूमिका नाही. नंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसावर अभिनय करता येतो, पण त्याची मुदत दोन वर्षांची, आणि १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच वर्षाची. दीड वर्षात एजंट, स्पॉटलाइट या नटांच्या कास्टिंग यादीत नाव, ऑडिशन्स. आपल्या रंगाच्या नटीला डॉक्टर आणि दुकानदारीणीच्या पलीकडं काही मिळेपर्यंत व्हिसा संपतो.

मग मी तुझ्या जागी असते तर? आधी एनएसडी, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालय. दिल्लीत, तीन वर्षं, वर्षाला देशभरातून तीसेक जण, विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती. त्या शाळेला शिस्त लावली ती १९६२ ते १९७७ संचालक असलेल्या इब्राहिम अल्काझींनी, आणि ते पुण्यात जन्मलेले, रॅडात शिकलेले. इकडचं बरंच काही त्यांनी तिकडं आधीच नेऊन ठेवलंय. आपल्या बीड जिल्ह्यातले वामन केंद्रे त्याच एनएसडीत शिकले आणि पुढं तिचे संचालक झाले. पुण्याचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्स अकादमी याही जागा आहेत. तिथून घडून, दोन-चार वर्षं काम करून मग इकडं आलीस तर त्या एक वर्षाचा कस निघेल. आणि इकडंच यायचं असेल तर अभिनयाऐवजी आवाज, प्रकाश, ध्वनी, रंगमंच व्यवस्थापन यांचा विचार कर. शिकवणं तितकंच चांगलं आहे, काम लवकर मिळतं, आणि परभणी-नांदेडला परतलीस तरी त्या माणसांची आपल्याकडं खरी टंचाई आहे.

तरीही जायचंच असेल, आणि तुझ्या मेलचा सूर बघता तू जाशीलच, तर शाळेला लिही. एमएच्या आठवड्यात शिक्षकासमोरचे तास किती, आणि स्वतः तालीम करायचे तास किती? दोन्ही एकत्र करून सांगू देऊ नकोस. वर्गात किती जण, आणि आवाजाच्या तासाला त्यांचे गट किती? कायम शिक्षक कोण, पुढच्या वर्षी ते रजेवर आहेत का? आवाजाचा एकट्याचा तास मिळतो का? लेखी शेरे किती दिवसांत देतात? मागच्या वर्षीच्या एखाद्या परदेशी विद्यार्थ्याशी बोलणं करून द्याल का? शेवटच्या प्रश्नाला कसं उत्तर येतं ते नीट बघ. चांगल्या शाळा दोन दिवसांत कोणाशी तरी गाठ घालून देतात, बाकीच्या माहितीपत्रक पाठवतात.

डिपॉझिटची तारीख जवळ आली असेल तर मुदत वाढवून माग, देतात. उत्तरं आली की मला तशीच पुढं पाठव, तासांचा हिशेब आपण दोघी मिळून काढू. तोवर वडिलांना इसार घेऊ देऊ नकोस.