साबुकंद उकडलेलं पाणी ओतूनच द्या

प्रश्न : आमचं घर दोडामार्ग तालुक्यात. शेजारच्या रबराच्या बागेतल्या केरळी कुटुंबाने कप्प्याच्या काठ्या दिल्यात. पावसाच्या तोंडावर लावणार आहे, पण कंद विषारी असतो असं गावात जो तो सांगतो. भाताऐवजी रोज खाल्ला तर चालेल का?
– एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : जरूर लावा. कप्पा म्हणजे आपला साबुकंद. उपासाचा साबुदाणा याच्याच सत्त्वाचा, तमिळनाडूत सेलमकडे होतो.

विषाची भीती मात्र खोटी नाही. कच्च्या कंदात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, सालीत जास्त, कडू जातींत त्याहून जास्त. लग्नानंतर मी केरळात कोट्टयमला आले आणि अम्मांच्या, म्हणजे सासूबाईंच्या, हाताखाली कप्पा शिकले. अम्मा कंदाला उभी चीर देतात, चिरेत सुरीचं टोक घालून साल उचकटतात. वरचा तपकिरी पापुद्रा आणि आतली जाड साल एकदमच सुटून येते. मधला दोरा काढायचा, लहान फोडी करायच्या, भरपूर पाण्यात झाकण न ठेवता उकडायच्या आणि ते पाणी ओतून द्यायचं. आमटीत वगैरे अजिबात वापरू नका. मीठ त्यानंतर. मग ओलं खोबरं, हिरवी मिरची, लसूण, हळद, कढीपत्ता जाडसर वाटून त्यात घोटायचं. फोड कडू लागली तर सगळंच टाकून द्या. शेळ्यांनाही पाल्यापासून लांब ठेवा.

आता रोजच्या खाण्याचं. त्रावणकोर संस्थानचे (आजचं दक्षिण केरळ) महाराज विशाखम तिरुनाळ यांनी 1880च्या दशकात या पिकाचा प्रसार केला. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला तेव्हा इथल्या गरिबांना कप्प्यानेच जगवलं. त्याबद्दल इथली माणसं आजही आदराने बोलतात आणि मलाही तो आदर वाटतो. पण कंदात पिष्टच सगळं, प्रथिनं जेमतेम. म्हणून इथे सोबत माशाचं लालभडक कालवण असतंच. तुमच्याकडे बांगड्याचं तिखलं झकास जमेल. मासे नसतील त्या दिवशी डाळ किंवा उसळ हवीच, आणि लहान मुलांना नुसत्या कप्प्यावर ठेवू नका.

लावणी सोपी आहे. जून झालेल्या काठीचे वीतभर तुकडे, डोळे वरच्या बाजूला ठेवून, मातीच्या उंचवट्यावर उभे रोवा. दोन झाडांत तीन फूट अंतर. पाणी साचलं की कंद कुजतात. फुटव्यांतले जोमदार दोनच राखा. आठ-दहा महिन्यांनी कंद तयार होतात, पण सगळी झाडं एकदम उपटू नका. काढलेला कंद दोन-तीन दिवसांतच आतून निळसर-काळ्या रेषा धरतो. लागेल तसं एकेक झाड काढा. उरलेच तर काप अर्धवट उकडून कडक उन्हात वाळवा, पावसाळ्यात उपयोगी पडतील. रानडुकरं आणि उंदीर यांना हा कंद फार आवडतो, कुंपण आधीच घाला.

आणि लावण्यापूर्वी शेजाऱ्यांना एक विचारा : ज्या झाडांच्या काठ्या दिल्या, त्यांची पानं पिवळट चट्ट्यांची, मुरडलेली होती का? असतील तर तो मोझॅक रोग. काठीतून तो पुढच्या पिकात येतो. त्या काठ्या लावू नका, निरोगी झाडाच्या काठ्या मागा.