मैदानावर डोकं-मान आपटून खेळाडू बेशुद्ध पडला, तर जीभ गिळू नये म्हणून तोंडात बोटं घालावीत का?

नाही. जीभ कुणीच गिळत नाही. बेशुद्धीत जबड्याचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि घशातली वाट अडते. मार्च 2017 मध्ये स्पेनच्या ला लीगा या फुटबॉल स्पर्धेतल्या सामन्यात फुटबॉलपटू फर्नांदो तोरेस डोक्यावर मार बसून कोसळला, तेव्हा सहकारी त्याचं तोंड उघडायला धावले होते. हेतू चांगला, पण अशा वेळी दात आवळले तर बोट जातं आणि मानही हलते.

करायचं ते असं: एकाने डोक्याशी गुडघे टेकून दोन्ही हातांनी डोकं स्थिर धरावं आणि मान न वाकवता, जबड्याच्या कोनांमागे बोटं लावून जबडा वर-पुढे उचलावा. जिभेचं बूड त्याच्यासोबत पुढे येतं. दुसऱ्याने 108 लावावा. एवढ्यानेही श्वास मोकळा झाला नाही, तर हनुवटी उचलून डोकं हळूच मागे न्यावं. मानेची भीती खरी आहे, पण प्राणवायूविना मेंदू काही मिनिटांतच निकामी होऊ लागतो. श्वास आधी, मान नंतर.

उलटी किंवा रक्त आलं तर डोकं, मान, धड एका रेषेत ठेवून तिघाचौघांनी मिळून कुशीवर वळवा. अधूनमधून येणारे श्वासाचे आचके म्हणजे खरा श्वास नव्हे. तिथे छातीवर दाब सुरू करा. आणि हो, शुद्धीवर आणायला तोंडात पाणी अजिबात ओतू नका, आपल्याकडे कबड्डीच्या मैदानावर हे सर्रास चालतं.

नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव येत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. कवटीचा तळ मोडल्याची शंका असली की ते नाकातून नळी घालणं टाळतात.