आधी रीसेट दाबा, मग सेल बदला

प्रश्न (लष्कर, ग्वाल्हेर): शिकवणीच्या घंटेसाठी आर्डुइनो उनो या प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डाला डीएस ३२३१ हे सेलवर चालू राहणाऱ्या घड्याळाच्या चिपचं मॉड्यूल जोडलं आहे. वीज जाऊन आली की घड्याळ जुन्याच वेळेवर जातं. सेल बदलला, तर नवाही फुगला.

उत्तर: दुखणी दोन आहेत. वीज चालू असतानाच रीसेट दाबा. तेवढ्यानंही वेळ मागे गेली, तर खोट प्रोग्राममध्ये आहे, सेलचा दोष नाही. आरटीसीलिब या घड्याळाच्या लायब्ररीच्या नमुन्यातली, वेळ लावणारी 'अ‍ॅडजस्ट'ची ओळ बहुधा सेटअपमध्ये (सुरुवातीला एकदा चालणाऱ्या भागात) कुठल्याही अटीविना पडली असेल. तिच्यातली वेळ म्हणजे प्रोग्राम कंपाइल झाला तो क्षण. बोर्ड सुरू झाला की तीच पुन्हा चिपमध्ये लिहिली जाते. ती ओळ 'लॉस्टपॉवर'च्या इफमध्ये, म्हणजे घड्याळ मध्ये थांबलं होतं का या अटीत, घाला. पुढे सेल बदलताना मात्र बोर्डाची वीज चालू ठेवा, नाहीतर घड्याळ थांबेल आणि परत तीच जुनी वेळ बसेल.

फुगण्याचं कारण मॉड्यूलवर आहे. निळ्या झेडएस-०४२ मॉड्यूलवर एक डायोड आणि २०१ लिहिलेला २०० ओहमचा रेझिस्टर सेलला चार्ज करत राहतात. त्यात घालतात तो सीआर २०३२ चार्ज होणारा सेलच नव्हे! तो रेझिस्टर सोल्डरिंग आयर्ननं काढून टाका, घड्याळाचं काही बिघडत नाही. सीआर २०३२ ऐवजी चार्ज होणारा एलआयआर २०३२ घालायचा सल्ला मिळेल, पण ५ व्होल्टवर डायोडनंतरही सुमारे ४.४ व्होल्ट उरतात आणि त्या सेलची मर्यादा ४.२ ची.

प्रश्न (मुरार, ग्वाल्हेर): डीएस १३०७ ही घड्याळाची चिप मे महिन्याच्या उन्हाळ्यात मागे पडते हे समजलं, जानेवारीतही का?

उत्तर: घड्याळाला ठोके देणारा ३२.७६८ किलोहर्ट्‌झचा क्रिस्टल २५ अंशांच्या आसपास सर्वात जलद चालतो. तापमान त्याच्या वर जावो की खाली, तो मंदच होतो, आणि तोही फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात. ४५ अंशांना दहा लाखांत सुमारे १४ भाग, म्हणजे दिवसाला सव्वा सेकंद; ५ अंशांनाही तेवढंच. क्रिस्टलची मूळ चूक वेगळी. डीएस ३२३१ तापमान मोजून स्वतःला सावरतं: ० ते ४० अंशांत वर्षाला जेमतेम मिनिटभर फरक.

१३०७ च्या जागी ३२३१ लावलं, तरी उनोवरचं वायरिंग तेच राहील: एसडीए (डेटाची तार) ए४ ला, एससीएल (क्लॉकची तार) ए५ ला. प्रोग्राममध्ये चिपचं नाव बदला आणि 'इजरनिंग'च्या जागी 'लॉस्टपॉवर' लिहा. त्याआधीचं उद्गारचिन्ह ('नाही'ची खूण) काढायला विसरू नका, कारण दोघांचा अर्थ उलटा आहे: पहिलं घड्याळ चालू आहे का विचारतं, दुसरं थांबलं होतं का.