आधी सांग, एक ओळ म्हणजे काय?

प्रिय पोरी,

तुझ्या पत्रात सात हुद्दे आहेत आणि विषय एकही नाही. डेटा ॲनालिस्ट, बिझनेस ॲनालिस्ट, प्रॉडक्ट ॲनालिस्ट, ॲनालिटिक्स इंजिनिअर, डेटा इंजिनिअर, डेटा सायंटिस्ट, मशीन लर्निंग इंजिनिअर, यांतलं नेमकं काय व्हायचं, असं विचारतेस. एसक्यूएल येतं, पायथॉन येतं, डॅशबोर्ड बांधता येतो. म्हणजे हत्यारं आहेत. त्यासाठी पाठ थोपटत बसत नाही. कशाचा डेटा, हे मात्र दोन पानांत कुठेच नाही.

हुद्द्यांपायी झोप घालवू नकोस. एकीकडचा डेटा सायंटिस्ट दिवसभर क्वेरी, म्हणजे एसक्यूएलमध्ये डेटाबेसला विचारायचे प्रश्न, लिहितो आणि दुसरीकडचा ॲनालिस्ट मॉडेल, म्हणजे जुन्या डेटावरून अंदाज सांगणारं गणित, बांधतो. जाहिरात वाचताना हुद्दा बोटाने झाक आणि खालचं काम वाच. मग त्या कामाला एकच विचार: इथल्या टेबलमधली एक ओळ म्हणजे काय?

हसू नकोस. या प्रश्नाचं उत्तर न देता केलेला जॉइन, म्हणजे एका टेबलला दुसरं जोडणं, कसा फसतो बघ. ऑर्डरच्या टेबलमध्ये एक ओळ म्हणजे एक ऑर्डर. त्यातल्या एका ऑर्डरची रक्कम १,०००. तिला तू वस्तूंचं टेबल जोडलंस आणि त्या ऑर्डरमध्ये वस्तू निघाल्या तीन. आता ओळी तीन, प्रत्येकीसमोर १,०००, बेरीज ३,०००. पैसे दोन हप्त्यांत आले असतील आणि तेही टेबल जोडलंस, तर ओळी सहा. क्वेरी बिनतक्रार चालते, आलेख छान दिसतो, विक्री सहापट. मग कुणीतरी घाईत बेरजेत डिस्टिंक्ट, म्हणजे सारखे आकडे एकदाच धरायचा आदेश, घुसडतं आणि सारख्या रकमेच्या दोन खऱ्या ऑर्डरींची एकच होते. आजार तसाच, वर नवा. वस्तू आणि हप्ते आधी ऑर्डरच्या पातळीवर गोळा कर, मग जोड. जोडण्यापूर्वी ओळी मोज, जोडल्यावर पुन्हा मोज. दर वेळी. कंटाळा आला तरी.

हा प्रश्न नुसता क्वेरीचा नाही, करिअरचाही आहे. प्रत्येक क्षेत्रात ओळ वेगळी, आणि ती समजायला वर्षं लागतात. हत्यार सहा महिन्यांत बदलता येतं. म्हणून मी म्हणते, क्षेत्र आधी निवड.

कर्जाचं काम घे. थकबाकीचा अंदाज बांधायला जो जुना डेटा मिळतो, त्यात एक ओळ म्हणजे एक दिलेलं कर्ज. ज्यांचे अर्ज नाकारले ते त्यात नाहीतच. म्हणजे मॉडेल शिकतं मंजूर झालेल्यांवर आणि वापरलं जातं येणाऱ्या प्रत्येकावर. शंभरातलं एकच कर्ज बुडत असेल, तर ‘कुणीच बुडवणार नाही’ असं म्हणणारं मॉडेलही ९९ टक्के अचूक ठरतं. तेव्हा नुसत्या अचूकतेची फुशारकी तिथे चालत नाही. शिवाय नकाराचं कारण सांगता यावं लागतं, म्हणून कुठल्या गोष्टीने किती फरक पडला ते उघड दाखवणारी, लॉजिस्टिक रिग्रेशनसारखी साधी पद्धत तिथे अजून टिकून आहे. नव्या अल्गोरिदमची हौस असेल तर या वाटेवर तू चिडचिड करशील.

विम्यात ओळ म्हणजे पॉलिसी, असं तू पटकन म्हणशील. चूक. सहा महिने चाललेली पॉलिसी म्हणजे अर्धं वर्ष. दाव्यांना भागायचं ते पॉलिसी-वर्षांनी. ॲक्च्युअरीच्या, म्हणजे विम्यातली जोखीम मोजणाऱ्या तज्ज्ञाच्या, परीक्षा नोकरी करता करता वर्षानुवर्षं चालतात, ‘बघू या जमतंय का’ म्हणून तिकडे जाऊ नकोस.

तुझ्यासारख्या काटेकोर पोरांना जी वाट कुणी दाखवत नाही, ती औषधांच्या चाचण्यांची. तिथे माझा हा प्रश्न चक्क नियमात लिहून ठेवलाय. चाचण्यांच्या डेटाची मानकं ठरवणारी संस्था म्हणजे सीडिस्क. तिच्या मानकांनुसार विश्लेषणासाठी जी टेबलं बनतात, त्यांतलं ‘एडीएसएल’ हे मूळ टेबल: एका सहभागी व्यक्तीची एकच ओळ. रक्तदाबासारख्या मोजमापांच्या टेबलमध्ये मात्र साधारणपणे एक व्यक्ती, एक मोजमाप, एक भेट मिळून एक ओळ. महत्त्वाचे तक्ते दोन प्रोग्रॅमर एकमेकांचा कोड न बघता स्वतंत्रपणे बनवतात आणि मग आकडे जुळवतात. विश्लेषणाच्या भाषांपैकी सॅस अजून ठाण मांडून आहे, आर हळूहळू जागा घेतेय. काम चकचकीत नाही, कागदपत्रं ढीगभर. पण पंधरा ओळी का वाढल्या, म्हणून अर्धा दिवस खपणाऱ्या माणसाला तिथे किंमत आहे, आणि तू तशी आहेस असं मला वाटतं.

प्रॉडक्ट ॲनालिटिक्सची, म्हणजे ॲप किंवा साइटवर लोक काय करतात ते मोजण्याची, तुला भुरळ पडलीय, हे पत्रावरून दिसतंच. जा, पण हिशोब करून जा. खरेदी करणाऱ्यांचं प्रमाण ५ टक्के आहे आणि नव्या पानाने ते ५.५ होतंय का हे एका गटाला जुनं आणि दुसऱ्याला नवं पान दाखवून पाहायचंय, तर नेहमीच्या निकषांनी, म्हणजे ५ टक्के सिग्निफिकन्स (नसलेला फरक दिसायची शक्यता) आणि ८० टक्के पॉवर (असलेला फरक सापडायची शक्यता) धरून, प्रत्येक गटात सुमारे ३१,००० माणसं लागतात. तितकी येत नसतील तर चाचणीचं नाव काढू नकोस. रोज सकाळी निकाल उघडून ‘आला का’ बघायचं आणि आला की थांबायचं, असं केलंस तर ५ टक्क्यांची चूक वाढून कुठल्या कुठे जाते. आणि पुन्हा तेच: गट पाडले माणसांचे आणि मोजणी केली भेटींची, तर एकाच माणसाच्या दहा भेटी तू दहा स्वतंत्र पुरावे म्हणून धरल्यास. ओळ बदलली, तुला कळलं नाही, आणि नसलेला फरक दिसू लागला.

डेटा इंजिनिअरिंगचं थोडक्यात सांगते. रात्री टेबलांत डेटा भरणारं काम अर्ध्यात पडलं आणि सकाळी पुन्हा चालवलं, तर ओळी दुप्पट होता कामा नयेत. हे ज्याला आतून पटतं त्याने ती वाट धरावी. डीबीटी या टेबलं घडवायच्या साधनात ‘युनिक’ (पुन्हा आलेली नाही) आणि ‘नॉट नल’ (रिकामी नाही) या दोन तपासण्या प्रत्येक टेबलच्या किल्लीवर, म्हणजे ओळ ओळखायच्या रकान्यावर, लावायची सवय आजपासूनच कर.

एवढा हट्ट कशाला, असं म्हणशील. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण वेळेवर मोजले गेले नाहीत, कारण एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत ६५,५३६ ओळीच मावतात. त्यात एका निकालाला अनेक ओळी लागत होत्या, म्हणून एका फाइलीत जेमतेम १,४०० रुग्ण बसत. त्या लोकांच्या संपर्कात आलेल्यांचा शोधही त्यामुळे लांबला. हे आकडे घोकलेत मी, कारण ‘फार बारीक विचारता’ असं ऐकून ऐकून माझे कान किटलेत. हा प्रश्न मीही उशिरा विचारायला लागले, त्याची रुखरुख आहेच. कदाचित म्हणून तुझ्यावर इतकी खेकसतेय.

एआय क्वेरी लिहून देतं, मग हे कशाला, हाही प्रश्न तुझ्या पत्रात आहे. देतं, आणि चांगली देतं. पण ओळ म्हणजे काय हे तू सांगितलं नाहीस तर तेही अंदाजच बांधतं, आणि त्याचा अंदाज तुझ्यापेक्षा जास्त आत्मविश्वासाने लिहिलेला असतो.

आता तुझ्या प्रोजेक्टांविषयी. टायटॅनिकच्या ८९१ ओळी आणि आयरिसची १५० फुलं, हे सरावाचे घासून गुळगुळीत झालेले डेटा, पोर्टफोलिओतून आजच काढ. मुलाखत घेणाऱ्याने ती इतक्यांदा पाहिलीत की तो पुढचं पान वाचणारच नाही. एकच क्षेत्र घे, त्यातली तीन जोडता येतील अशी खुली टेबलं घे. माहितीच्या पानावर पहिलं वाक्य ‘या टेबलमधली एक ओळ म्हणजे’ असं सुरू कर, तिन्हींसाठी. मग किल्ली एकमेव आहे का, रिकाम्या जागा किती, आणि या टेबलमध्ये कोण येऊच शकत नाही, ते लिही. आलेख दोन पुरेत.

मुलाखतीत दुसऱ्या क्रमांकाचा सर्वाधिक पगार काढायला सांगतीलच. लगेच लिहायला बसू नकोस. ओळ कर्मचाऱ्याची आहे की दर महिन्याच्या पगाराची, आणि दोघांचा पगार सारखा असेल तर काय धरायचं, हे आधी विचार. त्यावर समोरचा वैतागला, तर तिथलं वातावरण फुकटात कळलं.

पुढच्या पत्रात हुद्द्यांची यादी नको. तीन जाहिराती निवड, हुद्दा खोडून पाठव, आणि प्रत्येकीखाली तिथली एक ओळ म्हणजे काय असेल ते तुझ्या शब्दांत लिही. जिच्याखाली लिहिताना पान कमी पडलं, तिच्याबद्दल आपण बोलू.

तुझी,
मॅडम