काकांचा केळीचा हिशोब हाच तिचा पहिला प्रकल्प

प्रश्न : मुलगी फैजपूरला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. माझा धाकटा भाऊ केळीची खरेदी करून माल दिल्लीकडे पाठवतो. त्याचा हिशोब ती एक्सेलमध्ये ठेवते, त्यात तिचं मनही रमतं. सोबत शीटचा फोटो पाठवतो आहे. पुण्यातला एक क्लास डेटा अ‍ॅनालिटिक्ससाठी (आकड्यांतून निष्कर्ष काढायचं काम) दीड लाख फी सांगतो, नोकरीची हमी देतो. कर्ज काढून पाठवावं का? – एक पालक, यावल तालुका

भाऊ, आत्ता कर्ज काढू नका. मुलीने या क्षेत्रात जरूर जावं. पण त्या दीड लाखातला सगळ्यात मोलाचा भाग तिला काकांच्या ऑफिसात बसून शिकता येईल, आणि तो कुठल्याही क्लासपेक्षा चांगला.

शीटचा फोटो पाठवलात ते बरं केलं. प्रत्येक शेतकऱ्याचं वेगळं पान, तारखा आडव्या, आणि पैसे चुकते झाले की तो चौकोन पिवळा. आपल्या डोळ्याला हे पटकन कळतं, पण पिवळ्या रंगाची बेरीज साध्या सूत्राने होत नाही. शिवाय ‘पाटील भाऊ’, ‘पाटील न्हावी’ (न्हावी हे गाव) आणि ‘न्हावीवाले पाटील’ ही तीन पानं एकाच माणसाची असावीत असं मला दिसतं. काकांनी ‘कोणाचं किती देणं राहिलं?’ विचारलं की पोरीचा अर्धा दिवस जात असणार.

तिला म्हणावं, एक कापणी म्हणजे एक ओळ. तारीख, शेतकऱ्याचा नंबर, वजन, भाव, गाडी नंबर, माल कोणाला गेला, बस. दिलेल्या आणि आलेल्या पैशांची शीट वेगळी. शेतकऱ्यांची यादी तिसरी, तिथे प्रत्येकाला एकच नंबर. नाव, गाव, बँक खातं त्या एकाच जागी. खाते नंबरचा रकाना मात्र आधी ‘टेक्स्ट’ करून घ्यायचा. एक्सेल आकड्याचे पहिले 15 अंकच धरतं. सोळा अंकी खातं असलं तर शेवटचा अंक गुपचूप शून्य होतो, सुरुवातीची शून्यं तर उडूनच जातात. एवढ्याशा गोष्टीने पेमेंट परत येतं.

ही मांडणी झाली की सम-इफ्स (अटीनुसार बेरीज करणारं सूत्र) आणि पिव्हट टेबल (ओळींचा गोषवारा काढणारा तक्ता) तिला आठवड्याभरात जमेल. आणि मग खरा धंद्याचा प्रश्न विचारता येईल. समजा एक व्यापारी क्विंटलला 1500 रुपये रोख देतो, दुसरा 1550 देतो पण दीड महिन्याने. काका बाहेरून महिना 2 टक्क्यांनी पैसा उचलत असतील तर दीड महिन्याचं व्याज 45 रुपये झालं, वरचे 50 जवळजवळ तिथेच संपले. दोन महिने लागले तर 60 जातात, म्हणजे चढ्या भावात विकून 10 रुपयांचा तोटा. कोणता व्यापारी खरोखर किती दिवसांनी पैसे देतो, हे तिच्या दोन शीट जोडल्या की निघतं. असा प्रश्न सुचणं आणि त्याचं उत्तर मालकापुढे एका पानात ठेवणं, नोकरी याचीच मिळते.

डेटाबेसचा, म्हणजे संगणकावर माहिती नीट साठवायच्या पद्धतीचा, पायाही हाच आहे. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी 1970 साली मांडलं ते थोडक्यात हेच : माहिती वेगवेगळ्या तक्त्यांत ठेवा आणि सामाईक नंबराने जोडा. एक्सेल कुठे थकतं हेही तिला कळायला हवं. 2020 मध्ये इंग्लंडमध्ये कोरोनाचे जवळपास 16 हजार रुग्ण सरकारी आकड्यांतून गळाले, कारण जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये 65,536 ओळींपलीकडे जागाच नसते. काकांकडे एवढ्या ओळी लवकर होणार नाहीत, पण दोन मुनीम एकाच फाइलच्या दोन प्रती घेऊन बसले की गोंधळ आजही होईल. तेव्हा एसक्यूएल लागतं, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा. ती ज्यावर शिकता येते ते एसक्यूलाइट हे सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. सिलेक्ट, जॉइन, ग्रुप बाय (ओळी निवडणं, तक्ते जोडणं, गटवार हिशोब) एवढं पक्कं झालं की बरंच काम निघतं. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये लिब्रेऑफिस कॅल्क या एक्सेलसारख्याच फुकट सॉफ्टवेअरचे मराठी धडे आहेत, सुरुवात तिथून करू द्या.

पदवी संपेपर्यंत हे आणि जोडीला टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर. मग जळगावच्या डाळ मिल, पाइप-ठिबकचे कारखाने, सराफी पेढ्या, जिनिंग इथे एमआयएस (मालकासाठी आकड्यांचे अहवाल बनवणं) किंवा अकाउंट्सच्या जागांसाठी अर्ज करावा. एक-दोन वर्षं काम केल्यावर तिला मशीन लर्निंगकडे (संगणकाला आकड्यांवरून अंदाज बांधायला शिकवणं) जावंसं वाटलं तर गणित आणि संख्याशास्त्र नीट शिकावं लागेल. तेव्हा एमसीएचा (संगणकातली पदव्युत्तर पदवी) किंवा चांगल्या कोर्सचा विचार करू, आणि त्या वेळी पुण्याला पाठवायला माझा विरोध नसेल.

त्या क्लासला एवढंच विचारा : हमी लेखी देता का, पगार किती, नोकरी मिळाली नाही तर फी परत किती दिवसांत? तोंडी उत्तरावर एक रुपया भरू नका.

आणि मुलाखतीला जाताना तिने काकांची फाइल जशीच्या तशी नेऊ नये. त्यांची परवानगी घ्यावी, शेतकऱ्यांची नावं आणि खाते नंबर काढून टाकावेत, भावही थोडे बदलावेत.