सवयीमागची टंचाई

चिरंजीव, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या तुमच्या कंपनीच्या सभेत साठीच्या पुढचे सभासद एका बाजूला, विशी-पंचविशीतली मुले दुसऱ्या बाजूला आणि मधल्या खुर्चीवर तू, असे तू लिहिले आहेस. त्यातच एका मुलाने तुला ‘काका’ म्हटले, हे तुला जरा लागलेलेही दिसते. बत्तिसाव्या वर्षी ते लागायचेच. पण त्या निमित्ताने तुला जे दिसू लागले आहे, ते नीट पाहून घेण्याचे वय हेच आहे, कारण या वयात वरच्या पिढीचे बोलणे अजून कळत असते आणि खालच्या पिढीचे नुकतेच कळेनासे होऊ लागलेले असते. पुढे दोन्ही गोष्टी अवघड होतात.

दोन पिढ्यांतले अंतर मतांमध्ये शोधू नकोस, एवढेच मला मुख्यतः सांगायचे आहे. मते बदलतात, आपल्याकडे निवडणुकीच्या आठवड्यात तर दिवसाला बदलतात. अंतर असते ते सवयींत, आणि बहुतेक सवयींच्या मुळाशी कसली ना कसली टंचाई असते. टंचाई सरते, सवय मात्र मागे राहते आणि घरचे लोक मग तिलाच माणसाचा स्वभाव म्हणू लागतात. माझ्या वयाचा माणूस फोनवर ओरडून बोलतो आणि काम झाले की निरोपही न घेता फोन ठेवतो, यावर आमच्या घरात नातवंडे मनसोक्त हसतात. पण आम्ही फोन शिकलो तो तालुक्याच्या पोस्टात ट्रंक कॉल नोंदवून, बाकावर तासन् तास बसून, आणि तीन मिनिटांच्या हिशेबाने. लाइन लागली तरी पलीकडचे अर्धेच ऐकू येई. पुढे एसटीडी बूथ आले, तेव्हा समोरच्या मीटरवरचे लाल आकडे पळताना बघत बोलावे लागे. ज्याचे तोंड त्या आकड्यांसमोर उघडायला शिकले, तो आज व्हिडिओ कॉलवर ‘आणखी काय, जेवलास का’ असे घोळत बोलेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. त्याला माया कमी आहे असे नाही.

हेच तू स्वतःला लावून पाहा. तुझी दहावी भारनियमनात गेली. अजूनही तू कोणाकडे गेलास की आधी मोबाईल चार्जिंगला लावतोस, मग तो निम्म्याहून अधिक भरलेला का असेना. आणि नळ येवो न येवो, लाइट आली की तुझे पाय मोटारच्या बटणाकडे वळतात. कॉलेजात असताना तू आईला मिस कॉल द्यायचास: एक वाजला म्हणजे पोचलो, दोन वाजले म्हणजे तू फोन कर. 2016 नंतर बोलणे आणि इंटरनेट एवढे स्वस्त झाले की तुझ्या पुतण्याला ही सगळी भाषा समजावून सांगावी लागते, आणि समजल्यावरही त्याला ती कंजुषीच वाटते. आपल्या मागच्यांच्या सवयींवर हसताना आपल्याच खिशात अशा किती सवयी पडून आहेत, याची मोजदाद एकदा करावी. मी ती कधी पुरी करू शकलो नाही, कारण यादी लिहायला घेतलेला कागदही जुन्या पाकिटाची कोरी बाजू असतो.

पिढी म्हणजे पंचवीस-तीस वर्षे, हा हिशेबही आता सोड. शंकरपटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचे, उदाहरण घे. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या आणि 2021 च्या डिसेंबरात परवानगी मिळेपर्यंत पट बंद राहिले. ज्यांचे कळते वय नेमके त्या सात वर्षांत सरले, त्यांना पटाची जोडी कशी निवडतात, तिला काय खाऊ घालतात, दोन बैलांची चाल कशी जुळवतात, यातले काही माहीत नाही. त्यांच्या थोरल्या भावाला मात्र ते माहीत आहे आणि धाकट्यालाही कळू लागले आहे. म्हणजे एका घरात, एका आईच्या पोटी तीन पिढ्या. पट असावेत की नसावेत, हा वाद मी इथे काढत नाही. मला फक्त हे दाखवायचे आहे की सभेतल्या ‘तरुण’ म्हणून एकत्र मोजलेल्या मुलांमध्येही अशा भेगा आहेत आणि त्या वयाच्या दाखल्यावर दिसत नाहीत.

आता तुझ्या मुख्य अडचणीकडे येतो. भाव ग्रुपवर टाकला, पैसे थेट खात्यात जमा केले, तरी म्हातारे सभासद ‘पावती कुठी आहे?’ एवढेच विचारत राहतात, असे तू वैतागून लिहिले आहेस. तुमच्या ओसरीतल्या खुंटीला एक वाकवलेली तार लटकते, ती आठव. तिच्यात काटापट्ट्या म्हणजे वजनाच्या चिठ्ठ्या, सोसायटीच्या पावत्या, खताची बिले टोचून ठेवलेली आहेत. खालच्या पिवळ्या पडून फाटायला आलेल्या, वरच्या ताज्या. ती तार तुझ्या बाबांचा हट्ट नव्हे. 1972 साली राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि पुढची तीसेक वर्षे कापूस संकलन केंद्रावरच घालावा लागे. (कोणी रातोरात राज्याच्या सीमेपलीकडे नेत, तो भाग वेगळा.) केंद्रावर बैलबंड्यांची रांग लागे, बंडीखालीच झोपावे लागे, ग्रेडर कोणती प्रत ठरवतो याची धाकधूक असे, आणि मग सोसायटीचे कर्ज कापून चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, हाती येई, तोही कधी हप्त्याहप्त्याने. या सगळ्या काळात शेतकऱ्याजवळ स्वतःचे म्हणावे असे एकच हत्यार होते, ते म्हणजे तो कागदाचा चिटोरा. हरवला की बोलणे संपले. त्या माणसाला तू मोबाईलवरचा मेसेज दाखवतोस, तेव्हा त्याच्या दृष्टीने तू त्याला काहीच दाखवलेले नसते.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. ई-पीक पाहणी, म्हणजे शेतकऱ्याने आपला पेरा स्वतःच मोबाईलवरून नोंदवणे, 2021 च्या 15 ऑगस्टपासून राज्यभर सुरू झाली. एखादा मुलगा शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, उभा राहून फोटो काढतो, पेरा नोंदवतो आणि घरी येतो, तर वडील विचारतात, ‘तलाठ्यानं लिहिलं काय?’ मुलाला यात अविश्वास दिसतो. पण ज्याने सातबाऱ्यावर एक ओळ चढवून घेण्यासाठी चावडीचे उंबरठे झिजवले, त्याला रेंज मिळाली म्हणून काम झाले, हे एकदम कसे पटावे? आणि मुलाने तरी हे कशासाठी सोसावे? त्याची टंचाई वेगळी आहे. त्याला कागदाची वानवा नाही. त्याला वेळ नाही, गावात राहून लग्न जुळत नाही, आणि आपले शिक्षण इथे कोणी मोजत नाही, हे त्याला रोज टोचते. तो सभेत घाईने बोलतो ते त्यातून. त्याला उद्धट ठरवण्याआधी एवढे ध्यानात घे.

मात्र एका बाबतीत सावध राहा. ‘हा पिढीचा फरक आहे’ हे वाक्य आपल्याकडे फार सोयीचे झाले आहे, आणि पैशाचे व जमिनीचे प्रश्न त्याच्याखाली झाकले जातात. मोठ्या आत्याने हक्कसोडपत्रावर मुकाट्याने सही केली, धाकटी बहीण करत नाही, की घरातले लगेच ‘आजकालच्या पोरींना नात्याची किंमत राहिली नाही’ म्हणतात. इथे वयाचा किंवा वळणाचा काही संबंध नाही. महाराष्ट्राने 1994 साली आणि केंद्राने 2005 साली कायदा बदलून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने हक्क दिला. बहीण तो हक्क सोडायला तयार नाही, इतकेच. तुझ्या कंपनीतही तरुण सभासद लेखापरीक्षणाची प्रत मागत असतील आणि कोणी त्याला ‘नव्या पोट्ट्यांचा आगाऊपणा’ म्हणत असेल, तर तू मध्यस्थ म्हणून हसून वेळ मारून नेऊ नकोस. प्रत दे.

तुझ्यापुरते सांगायचे तर, ‘आमच्या वेळी’ या शब्दांनी वाक्य सुरू करण्याचा मोह तुला आता होऊ लागेल. कोणी विचारल्याशिवाय ते करू नकोस. विचारले तर मात्र उपदेश न करता तपशील सांग: किती, कुठे, कोणत्या भावाने, कोण पुढे होते. वरच्यांनाही असेच विचार. एखादा जुना सभासद एखाद्या ठरावाला नाही म्हणाला, तर ‘का नाही?’ विचारलेस की तो अडून बसेल. ‘मागे असे कधी झाले होते काय?’ विचारलेस की तो बोलू लागेल. हंगामभर भाव ग्रुपवरही टाका आणि गोदामाच्या भिंतीवर खडूनेही लिहा. छापील पावती द्या आणि तिचा फोटोही पाठवा. काम दुप्पट होईल, पण भांडण मिटवण्यात जाणाऱ्या वेळेपेक्षा कमीच.

आणि मे महिन्यात एक काम सगळ्यांना मिळून करायला लाव. 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवलेच नाही, म्हणून गावोगावी तक्रारी झाल्या, तेव्हा पिशवीवरच्या छपाईवर विसंबलेल्यांना घरच्या उगवण तपासणीची आठवण झाली. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडायचे, वरून दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करायची, ती सावलीत ठेवून ओलावा टिकवायचा आणि पाच-सहा दिवसांनी उगवलेले दाणे मोजायचे. 70 किंवा त्याहून अधिक असले तर पेरणी नेहमीच्या प्रमाणात, कमी असले तर बियाण्याचे प्रमाण वाढवायचे. दाणे मांडायला जुन्या बाया बसू देत, मोजणी आणि नोंद मुलांकडे दे. प्लॅस्टिकच्या पोत्यात ओल टिकत नाही, तागाचेच लागेल, आणि ते आता बाजारात सहजी मिळत नाही. तुझ्या बाबांना विचार. त्यांनी माळ्यावर दोन-चार नक्की घडी घालून ठेवली असतील.

घरी सर्वांना नमस्कार व मुलांना आशीर्वाद सांगावा. कळावे.

तुझा,
गुरुजी